हेराची बावीस वर्षं

“प्रेमापुढं सारी राज्यं धूळ आहेत!” प्रयागबाईंनी कादंबरी टेबलावर आपटून जाहीर केलं. वाचनालयाच्या कारकुनानं पुस्तकाचा नंबर विचारला. रांगेत मागं उभ्या गोपाळरावांनी हातातला पेपर तसाच ठेवून कान तेवढे पुढं केले.

“नंबर मंग. समासात पेन्सिलीनं ‘शाबास हेरा’ कोणं लिहिलं, ते सांगा आधी.”

“मी लिहिलं, बाई,” शेजारी उभे असलेले चंपतराव म्हणाले.

“तुम्ही? खाप्याच्या शाळेत बारा वर्षं सोबत शिकवलं, मास्तर, अन् मले तुमचं अक्षर ओळखू नाही आलं! शाबास काहून?”

“मोतद्दार बनून सरदाराच्या तबेल्यात राहिला. गनिमाची बातमी काढली. राज्य वाचवलं त्यानं.”

“अन् सरदाराची पोरगी बावीस वर्षं वाट पाहून राहिली, त्याचं काय? केस पिकल्यावर हा हेर शेवटच्या पानावर सांगतो, ‘माझं मन तुमच्यापाशी होतं.’ चुलीत घाला ते मन!”

“तिनं विचाराचं होतं.”

“विचारलं ना! घोडीले गूळ द्याच्या निमित्तानं रोज तबेल्यात येत होती. हा आपला घोडीकडंच पाहून राहिला!”

“समजून घ्या, बाई. तोंड उघडलं असतं तर भेद फुटला असता. गुप्त काम होतं त्याच्याकडं.”

“त्याच्याकडं होतं. तुमच्याकडं कोणतं होतं, मास्तर? तुम्ही तर भूगोल शिकवत होते!”

चंपतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“भाऊ,” ते कारकुनाला म्हणाले, “तो पंखा लावा ना जरा.”