डावीकडचा खटाक्

तुमच्या गाडीतला आवाज कधी फक्त तुम्हालाच ऐकू आलाय का हो? नाही ना? मग सुखी आहात! माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी आवाज येतो. खड्डा आला की खटाक्, गतिरोधक आला की खटाक्-खटाक्, जसं कुणी खालून दार ठोठावतंय... आणि हे कुणाला सांगायला जावं, तर समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "होतं हो असं, माणूस गेल्यावर." अहो, माणूस गेला हे मला माहीत आहे, नवरा माझाच होता! पण त्याचा चाकाशी काय संबंध? आवाज येतो म्हणजे येतो!

गाडी जुनी आहे, कबूल. पण तुम्हाला सांगते, ती पहिल्यापासून चालवली मीच. ह्यांना गाडी यायचीच नाही. हे आपले डावीकडे बसायचे, पोटावरून पट्टा ओढताना धापा टाकायचे, आणि खड्डा मागे पडला की ओरडायचे, "अगं, खड्डा!" आता सांगून काय उपयोग? तर म्हणायचे, "पुढच्या वेळी लक्षात ठेव." घरात घुम्यासारखे बसणारे हे, गाडीत मात्र तोंडाला खळ नाही! आमचा अख्खा संसार बोलून झाला तो त्या दोन सीटवर. पण आवाज? कधी म्हणून नाही! आणि हे गेले, पाहुणे पांगले, मी एकटी कामावर निघाले, तर पहिल्याच वळणावर... खटाक्!

गेले मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणाला, "ताई, तुम्ही बाजूला बसा, मी चालवून बघतो." आणि त्याने काय केलं, गावात होते नव्हते ते सगळे खड्डे शोधून शोधून गाडी त्यात घातली... आवाज नाही! "बरं, आता तुम्ही चालवा, मी बसतो." चालवली. गाडी आपली गरीब गाय! तरी बिचाऱ्याने जॅक लावला, चाक गदागदा हलवलं, खाली शिरला, दोन बुश बदलले आणि वर येऊन म्हणाला, "आता लोण्यासारखी चालेल." मी एकटी फाटकाबाहेर पडते न पडते तोच... खटाक्! तशीच मागे फिरले. तो पुन्हा शेजारी बसला, पुन्हा चिडीचूप. मग हात पुसत पुसत मला विचारतो, "ताई, घरी कोण असतं तुमच्याबरोबर?" म्हणजे बघा, गाडी दाखवायला गेले आणि तपासणी माझीच झाली! अहो, आवाज येतो म्हणजे येतो!

मग माझी नणंद आली. जीव लावणारी आहे हो, वाईट म्हणणार नाही मी तिला. "चल वहिनी, मी ऐकते." ऐटीत पुढे बसली, कान खिडकीला लावला, संध्याकाळभर फिरलो... ढिम्म! शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवला. "वहिनी, रागावू नकोस, पण तुला भास होतात गं. दादा गेल्यापासून तुझ्या डोळ्याला डोळा नाही. अशी चालवत कुठे धडकलीस तर? मला आता आणखी कुणाला पोचवायचं नाहीये. विकून टाकू ही गाडी."

आता हिला काय सांगू? की ह्यांचे कपडे मी देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला, पण ही गाडी तेवढी मागू नकोस? नाही बोलले. कारण खरं सांगू का, मलाच वाटायला लागलं होतं... सगळी म्हणतात त्याअर्थी माझंच डोकं फिरलं असेल. "बरं," म्हटलं. "बघ गिऱ्हाईक."

तिच्या घराशी ती उतरली. समोरच गतिरोधक. मी गाडी पुढे काढली आणि... खटाक्! मी दात-ओठ खाऊन तशीच निघाले, तर आरशात काय दिसावं? नणंद! एक चप्पल पायात, एक रस्त्यावर, केस सुटलेले, आणि धावतेय! "वहिनी! थांब! आला! मला आला ऐकू!" खिडकीला धरून लहान पोरीसारखी रडायला लागली. "चुकलं गं माझं. येतो, आवाज येतो!"

तशाच दोघी मिस्त्रीकडे. तो आता स्वतः बाहेर उभा राहिला, मला म्हणाला, एकट्याच चालवा. ऐकलं, बॉनेट उघडलं, बोट घातलं आणि हसला! "अहो, धक्के झेलणारा हा शॉकॉप आहे ना, त्याच्या डोक्यावरचं रबर गेलंय. डावीकडे माणूस बसला की त्याच्या वजनाने ते दाबून राहतं. सीट रिकामी असली की उचलतं आणि वाजतं. ऐकायला जो येतो तो नेमका तिथेच बसतो, मग कसा येणार आवाज?" आणि रबर चाचपत आपल्याच नादात पुढे म्हणतो, "पण हे काही आत्ताचं नाही हं, ताई. चांगलं जुनं फाटलंय. इतके दिवस वाजलं कसं नाही? डावीकडे कुणी भारी माणूस बसायचं का?"

नणंदेने तोंड टायरच्या ढिगाकडे फिरवलं. भास नव्हता, वेड नव्हतं, सगळं सिद्ध झालं... आणि मला एवढंसुद्धा बरं वाटलं नाही.

"नाही बदललं तर चालेल का?" मी विचारलं.

"चालेल की. वाजत राहील, वाढत जाईल, आणि एक दिवस चाक दगा देईल."

"मग बदला," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवं रबर बसवलं, मी एकटीच गाडी घेऊन त्या गतिरोधकावरून गेले, आणि आवाज आला नाही.