दुसऱ्या नावाचा बॅकअप

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं सतरंजीवर या, जागा आहे. मला भाषणाची सवय नाही. मी आपल्या संस्थेच्या संगणक विभागातली बाई. भागवत सर माझे वरिष्ठ. कार्यक्रमात आम्ही दोघं कायम वायरी बघत मागं उभे असायचो. आज त्यांचा फोटो पुढं आहे आणि मला बोलायचंय. लई जड जातंय.

चकलांब्याहून सरांच्या आई आल्यात. काकू, नऊच दिवस झाले. केजच्या स्टँडवर जीपमधून उतरले, छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. त्यांच्या हातात एक पिशवी होती. तिच्यात काय होतं ते सांगतेच.

आत्ता माझ्याआधी दोघं बोलून गेले. म्हणाले, सर फार शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माफ करा, पण हे खोटं आहे! सर अध्यात होते आणि मध्यातही होते. म्हणून तर आज बोलायला उभी राहिले.

आपल्या शाळा, कॉलेज, वसतिगृह, सगळ्यांच्या मेल एका मशीनवर येतात. त्यांचा डेटाबेस रोज उतरवून ठेवणाऱ्या प्रोग्रामला आम्ही बॅकअप क्लायंट म्हणतो. रोजची प्रत तीस दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. त्यात वावगं काही नाही, रोजचं किती साठवणार? पण महिनाअखेरची एक प्रत दहा वर्षं राहिलीच पाहिजे, हा सरांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी त्याच मशीनवर दुसरा क्लायंट बसवला. त्याचं नाव वेगळं, मुदत वेगळी, प्रती साठवायच्या टेप वेगळ्या.

मी विचारलं, "सर, मशीन एकच, मग नावं दोन कशाला?"

सर मेंढपाळाच्या घरातले. म्हणाले, "ताई, विकायची मेंढरं आणि ठेवायची मेंढरं एकाच कळपात चरतात. आमचे दादा ठेवायच्या मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचे. पट्टा ओढायचा राहिला, की बाजाराच्या दिवशी तेही जायचं."

मला समजलं असं वाटलं. नव्हतं समजलं. नवीन मशीन आली तेव्हा दुसऱ्या क्लायंटची मांडणी मी केली. पहिल्याचीच फाईल उचलली आणि नाव बदलायचं राहून गेलं. मग काय होणार? मुदत नावावरूनच ठरते. तीस दिवसांच्या नियमानं महिनाअखेरच्या प्रतीही खाऊन टाकल्या. कुठं तक्रार नाही, धोक्याची सूचना नाही, रोज आपलं 'यशस्वी' असंच लिहून येत होतं. पाच महिन्यांच्या प्रती गेल्या. एक जुनी मेल काढायला गेले तेव्हा हे कळलं.

सर रागावले का? चांगलेच रागावले. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडून टेपवर काय येणार हाय का? बसा, नाव बदला." आणि वर ऑफिसात जाऊन स्वतःच लिहून दिलं, "चूक माझी." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मात्र तेव्हापासून दर सोमवारी कुठली तरी जुनी मेल मला टेपवरून परत आणायला लावायचे, आणि मोठ्यानं वाचायला लावायचे. मला तेव्हा हा छळ वाटायचा.

मग सुमनताईंचं प्रकरण झालं. सुमनताई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, त्या तिथं खांबाजवळ बसल्यात. वसतिगृहात मुलींना कावीळ झाली. ऑफिस म्हणालं, टाकीचं पाणी खराब आहे हे आम्हाला कुणी कळवलंच नाही. सुमनताई निलंबित. त्या रडून सांगत होत्या, मी मेल केल्यात, एकदा नाही, सात वेळा. बघितलं तर ऑफिसच्या खात्यात एक नाही, त्यांच्या स्वतःच्या खात्यातही एक नाही. कुणी पुसल्या? मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी नाव घेणार नाही.

पण दुसऱ्या नावाच्या टेपवर सातही होत्या! सरांनी त्या काढल्या आणि चौकशी अधिकाऱ्यांना कळवलं. पंधरा दिवसांत सरांची बदली पाटोद्याच्या गोदामात, मोडकी बाकं मोजायला. डेटाबेस सांभाळणारा माणूस बाकं मोजत होता, मंडळी! पण तक्रार केली नाही. काकू काल मला म्हणाल्या, "म्या म्हणलं, कावून भांडतूस रं लोकायसाठी? तर म्हणला, माय, म्या भांडत न्हाई. ठिवलेलं दाखवतोय नुसतं."

त्या पिशवीत याच सात मेलचे कागद होते. येत्या गुरुवारी सुनावणी आहे, सर त्यासाठीच पाटोद्याहून आले होते. आता चौकशीत म्हणतील, कागद काय कुणीही छापतो, मूळ दाखवा. मूळ त्या टेपवर आहे आणि टेपचा ताबा माझ्याकडे आहे.

आणि परवा, अजून सरांचा तेरावा व्हायचाय, मला आदेश आला. दुसऱ्या क्लायंटची मुदत दहा वर्षांवरून तीस दिवस करा. कारण, जागा अपुरी. जागा अपुरी? कपाटात कोऱ्या टेप धूळ खात पडल्यात! एका रकान्यातला आकडा बदलायचा, बस्स. जुनं सगळं आपोआप जाईल. कुणी काही पुसलं असं दिसणारही नाही. किती सोपं आहे ना? एकदा माझ्या हातून पाच महिने चुकून गेले, त्याची लाज मला अजून वाटते. मुद्दाम मी एक दिवससुद्धा घालवणार नाही.

तसं मी लिहून दिलंय. आकडा बदलणार नाही. माझी बदली करायची तर करा, पाटोद्याची जीप कुठून सुटते ते मला ठाऊक आहे. आणि एक सांगून ठेवते. तो आदेश मला मेलवर आलाय. काल महिनाअखेर होती. दुसऱ्या नावाची प्रत काल निघाली. म्हणजे आदेशही आता दहा वर्षं राहणार!

हसू नका. हसा, काही हरकत नाही. सरांनाही हसू आलं असतं.

सुमनताई, मान वर करा. गुरुवारी मी येतेय. अधिकाऱ्यांसमोर टेप लावीन, सातही मेल परत आणीन आणि मोठ्यानं वाचीन. काकू, तुमचा मुलगा गेला, त्याला मी परत आणू शकत नाही. त्यानं ठेवलेलं मात्र कुणाला हात लावू देणार नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. पहिल्या रांगेत ऑफिसचे साहेब बसलेत, त्यांनाही विनंती. साहेब, तुम्हीही उभे राहा. तुम्हाला कधी आल्याच नव्हत्या, त्या सात मेल ज्यानं जपल्या, त्या माणसासाठी.