छपराचं हिरवं कार्ड

हॅलो? … हॅलो, पिसिला? बोल, बोल… अगं हो, लोसाच बोलतेय, माझा फोन दुसरं कोण उचलणार? … हो, नुकुआलोफाच्या धक्क्यावरच उभी आहे. वारा सुटलाय, जरा मोठ्यानं बोल. आधी सांग, तुमच्या सॉफ्टवेअरमधलं ते छपराचं कार्ड लाल झालं का?

नाही? … मग सकाळपासून ब्रिस्बेनमध्ये बसून करताय काय तुम्ही? … शनिवार आहे म्हणून? वा! इथे काय सोमवार आहे का? इथेही शनिवारच आहे गं बाई.

… बरं, नाही चिडत. पण मध्ये बोलू नकोस… हो, हो… अगं ऐक ना! आपल्या निउआ बेटाची बोट लागलीय. माल चढतोय. पीठ चढलं, सिमेंट चढलं, कुणाची तरी गादीसुद्धा चढली. आपले पत्रे नाहीत. … नाहीत म्हणजे नाहीत! दवाखान्याच्या छपराचा एकसुद्धा पत्रा नाही. खलाशाला विचारलं तर म्हणतो, मावशी, तुमचा माल आलाच नाही, जागा दुसऱ्याला दिली.

… कुठे असणार? ऑकलंडला, ठेकेदाराच्या गोदामात. मी त्यांच्या त्या हॅमिशला फोन केला ना सकाळी. म्हणाला, पत्रे बांधून तयार आहेत, फक्त पाठवायचे राहिलेत. फक्त! … मग कार्डावर 'झालं' का मारलं? … तेच विचारलं मी. तर म्हणे पंधरवडा संपला होता.

… हो, त्यांचं ते पंधरवड्याचं काम. पंधरवडा संपला की पाटी कोरी लागते त्यांना. उरलेलं काम नव्या कार्डावर ढकललं आणि जुन्यावर 'झालं' मारून मोकळे. … काय? सगळेच करतात? … करत असतील. ऑकलंडात बसून करायला त्यांचं काय जातंय.

… नाही गं, ते नवं कार्ड कितिओनेला दिसतच नाही! कुणालाच दिसत नाही, ते फक्त त्यांच्या फळ्यावर. कॅनबेराच्या गॅव्हिनसाहेबांना तारखांचे लांबलचक पट्टे लागतात, मदतीचे पैसे त्यांचे, तेव्हा त्यांना पट्टे. त्यांचा पट्टा झाला हिरवा. त्यांनी माझं अभिनंदन केलं, पिसिला! मीपण येडी, धन्यवाद म्हणाले. आणि तिकडे बेटावर माझ्या भावाच्या, कितिओनेच्या फोनवर नुसते तीन रकाने. करायचं, चालू, झालं. आधीचं कार्ड 'झालं'मध्ये गेलं की पुढचं हातात घ्यायचं, असं तूच शिकवलंस ना त्याला?

… पुढचं कुठलं म्हणजे? तूच तर बसवलंस सगळं! 'जुनं छप्पर उतरवणे.'

… हं. आता कळलं?

… काय म्हणाली होतीस तू नाताळात, जेवताना? "लोसाताई, ज्याला जी पद्धत आवडते ती त्यानं वापरावी, आमचं सॉफ्टवेअर सगळ्यांना सांभाळून घेतं." छान सांभाळलं हो! तिघांना तीन तऱ्हा दाखवल्या आणि तिघांनाही खूश ठेवलं. तिघांच्या 'झालं'चा अर्थ एक आहे का, तेवढं मात्र कुणी विचारलं नाही.

… रडू नकोस. … अगं, तुझा दोष आहे असं नाही म्हणत… बरं, थोडा म्हणतेय. पण आता रडू नकोस, काम कर.

… फोन लावतेच आहे ना कितिओनेला! लागतोय कुठे? बेटावर रेंज आली तर आली. माझे निरोपही अडकून पडलेत. म्हणून म्हणतेय, ते कार्ड लाल कर, थांबा म्हणून सगळ्यांच्या फोनवर वाजू दे. एखाद्याचा तरी लागेल. कितिओने माझं नाही ऐकत, त्या कार्डाचं ऐकतो.

… कुणाला विचारायचं? … हॅमिशला? … म्हणजे बंद झालेला पंधरवडा ज्यानं बंद केला त्यानंच उघडायचा? … आणि तू? कंपनीत आहेस ना तू? … तुलाही नाही उघडता येत. … अगं, तो मुलाच्या रग्बीला गेलाय! फोन बंद आहे त्याचा! मग तुम्ही लोक तिथे आहात कशाला?

… उद्यावर कसं टाकतील? उद्या रविवार. रविवारी आपल्याकडे हातोडा उचलतं का कुणी? ब्रिस्बेनला जाऊन विसरलीस सगळं. मंगळवारी बोट पोचणार, सोमवारी वासे ठोकायचे, म्हणून छप्पर आजच उतरवायचं. पाद्रीबाबांनी गेल्या रविवारी वेदीवरून सांगितलंय, झाडून सगळं गाव येणार. डुकरं पहाटेच भाजायला टाकली असतील. पाद्रीबाबांचा शब्द मागे कोण घेणार? तुझे बाबा घेतील?

… पुढची बोट महिन्यानं. तीही समुद्र शांत असला तर. आणि आजच रेडिओवर सांगितलं, पहिलं वादळ तयार होतंय म्हणून. … नाही माहीत कुठे वळेल. त्यांनाही नाही माहीत.

… खाटा आतच आहेत. कालच आई म्हणाली, दोन बाळंतिणी आल्यात, औषधांचं फडताळ कोपऱ्यात सरकवलंय. ती तिथेच आहे, पिसिला. दवाखान्याची नर्स ती, ती कुठे जाणार? तुझी सख्खी आत्या. तुझे बाबा अजून बहिणीचा मान म्हणून तिच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत, आणि तू तिच्या डोक्यावरचं… जाऊ दे. जाऊ दे.

थांब. फोन थरथरला. … फोटो आलाय. कितिओनेचा.

…

उतरवलं गं.

… सगळं. नुसते वासे दिसताहेत आणि वर आकाश. पोरं भिंतींवर बसलीत रांगेनं. आई मधोमध उभी आहे, वर बघून हसतेय. … नाही, पत्रे परत नाही चढवता येणार. लिहिलंय त्यानं, जुने पत्रे वाटून टाकले. लोकांनी डुकरांच्या खोपट्यांवर टाकायला नेलेसुद्धा. आता घरोघर जाऊन मागायचे? अर्धे तर उतरवतानाच फाटले असतील, गंजून चाळण झाली होती त्यांची.

… ताडपत्री? हो, ताडपत्री! थांब… अहो दादा! अहो, थांबा की जरा! … नाही थांबत गं. दोर सोडले. बोट निघाली.

… काय झालं? … हॅमिशनं केलं लाल? आत्ता? … मग काय करू मी त्याचं, आईच्या अंगावर पांघरू?

… कोण? गॅव्हिनसाहेब? … त्यांच्या पट्ट्यावर 'छप्पर उतरवणे' पण हिरवं झालं? … हो का. कळव त्यांना, वेळेत झालं म्हणून.

अगं बाई, त्याचाच फोन येतोय. कितिओनेचा. काय सांगू मी त्याला? … नाही, तू सांग मला, काय सांगू? तूच बोलतेस का त्याच्याशी? … पिसिला? … हॅलो? … ठेवला वाटतं.

हॅलो, कितिओने? … हो रे, बघितला फोटो. … हो, आई छान आलीय. … बोट? … निघाली आत्ताच. … अरे ऐक ना. … नाही, नाही, जेवणाचं नंतर सांग. कुठे आहेस तू? … भिंतीवर? … मग आधी खाली उतर.