एकवीस आठवड्यांचा अहवाल

समारंभाच्या अध्यक्षा डॉ. किन्ताना मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सोबती आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याविषयी आपण फार गोड बोललात. निवृत्त होणाऱ्याला एवढी सूट मिळतेच. पण इलोइलो शहरातल्या या इमारतीत मी एक नियम मोडला, तो कबूल केल्याशिवाय खाली उतरवत नाही.

गिंबाल गावच्या शिक्षिका मेर्लिता सोब्रेवेगा. त्यांना लुपस, शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, तो आजार. ती शक्ती आवरायच्या गोळ्या चालू असतानाच कोविड झाला, आणि जाईचना. तुमचा-आमचा दोन आठवड्यांत गेला. त्यांचा एकवीस आठवडे राहिला. बाई मागच्या खोलीत, मुलं दाराबाहेर.

दर सोमवारी त्यांचा नमुना यायचा आणि दुपारी त्यांचा फोन. नियमानं अहवाल आधी डॉक्टरांकडे, म्हणजे मॅडमकडे, जायला हवा. मी आधी बाईंना सांगायचो. मला त्या ‘नोंग’, म्हणजे दादा, म्हणायच्या.

“नोंग नेस्तोर, आज तरी?”

“नाही हो बाई, अजून आहेच.”

“माझी सासूसुद्धा आली तर चार दिवसांवर टिकत नाही, आणि हा मेला बघा!” मग हमखास, “तुम्ही जेवलात का?”

माझी पत्नी गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.

अकराव्या आठवड्यात त्या हसल्या नाहीत. “गोळ्या सोडते, नोंग. त्यांच्यामुळेच हा जात नाही. धाकटी दाराखालून बोटं सरकवते. मला ती धरतासुद्धा येत नाहीत.”

गोळ्या सोडल्या तर लुपसनं मूत्रपिंडं जातील, एवढं मला कळत होतं. “फोन ठेवू नका,” म्हणालो आणि तसाच जिना चढून मोबाइल मॅडमच्या हातात दिला. मॅडम, तुम्ही अर्धा तास त्यांना समजावलंत, औषधं बदललीत. नंतर मला विचारलंत, “हिला अहवाल आधीच कसा कळला?” मी ‘नमुने राहिलेत’ म्हणत जिना उतरलो. उत्तर आज देतोय.

बाविसाव्या सोमवारी विषाणू सापडला नाही. मी पुन्हा तपासलं, मगच सांगितलं. पलीकडे दार उघडलं, आरडाओरडा, रडणं. माझ्याशी बोलायचं कुणाला सुचलं नाही, का सुचावं? कुणीतरी फोन बंद करेपर्यंत मी ऐकत बसलो.

पुढच्या सोमवारी फोन आला नाही. पेशंट बरा झाला, याहून आपल्याला आणखी काय हवं? तरी मी चार वाजेपर्यंत तिथेच घुटमळलो. कुणी विचारलं तर म्हणालो, यंत्र तापलंय, लक्ष ठेवतोय.

त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. आज बोलवू का, असं आपल्या प्रयोगशाळेतल्या जोवेलिननं विचारलं; मी नको म्हटलं. बाई पुन्हा शाळेत शिकवतात. त्यांना ते दिवस कशाला आठवायला लावायचे?

आपण वेळ काढलात, कौतुक केलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून जरा लांबवलं. तेवढं सांभाळून घ्या.