मटण खायला रिकाम्या हातानं

तुम्ही हसाल, पण कोल्हापुरात मी मटण खायला रिकाम्या हातानं गेलो होतो. नव्याण्णव साली नाशिकहून बदली झालेली. पहिल्याच रविवारी विचारत विचारत एक घरगुती खानावळ गाठली आणि म्हटलं, "मावशी, एक मटणाचं ताट."

मावशींनी हात पुढे केला. "द्या."

मी पाकीट काढलं.

"पैसं मागनं द्या! आदी मटण द्या की."

"मटण? मी आणायचं?" माझा आवाजच चिरकला.

"मग? समदी आणत्यात. मी फकस्त करून देती. जावा, कोपऱ्यावर दुकान हाय."

चक्रावलेलाच गेलो आणि एकट्यापुरतं पाव किलो घेऊन आलो.

इतका वेळ गल्लीला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या मावशींनी पिशवीत डोकावलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"पावणं, डॉक्टरनं मटण कमी करायला सांगितलंय व्हय?"