काळ्या दगडाखालचा तांबडा पट्टा

मंडळी हो, गुरुजीच्या घरचे सारे, मास्तर लोक अन् पोरं हो, मी किसन गवळी. चिखलदऱ्याच्या अलीकडं डोंगरावर आमचं गाव. म्हशी पाळतो, खवा परतवाड्याले विकतो. मले माईकवर बोलाची सवय नाई, म्हशीले हाका माराची आहे. हेडमास्तर म्हणे, दोन शब्द बोला. वानखडे गुरुजी गेले, म्हणून तुमच्या या अमरावतीच्या शाळेत उभा आहो.

आतापर्यंत सगळ्याइनं त्याइचं चांगलं सांगतलं. खरंच आहे ते. मी त्याइची चूक सांगाले आलो. रागावू नोका, पुरं ऐकून घ्या.

गुरुजी भातकुलीकडचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातले पहिले शिकलेले. नोकरी लागली अन् आमच्या डोंगरातल्या शाळेवर आले. तवा गावात विहीर नोती. बाया दरीत उतरत, नदीवर पाण्याचे पितळी गुंड भरत अन् डोक्यावर घेऊन वर चढत. गुरुजीनं पंचायतीचा पिच्छा पुरवून विहीर मंजूर करून आणली. गाव खणाले लागलं. मुरूम निघाला, थोडं पाणी दिसलं, अन् मंग काळा दगड लागला. गुरुजी म्हणे, "थांबा. आता खाली जाऊ नोका. खाली खारं लागते."

कावून म्हणे तसं? तो खारपाणपट्ट्यातला माणूस. भातकुलीकडं जितकं खोल जा, तितकं पाणी खारं. लहानपणापासून जिभेनं शिकलेली गोष्ट. आमच्या डोंगरात खारं पाणी कुठून येईन हो? पण ऐकलं आमी. मास्तर माणूस, अन् काळा दगड फोडाचा आमालेबी कंटाळाच होता.

त्या उन्हाळ्यात विहीर आटली. बाया पुन्हा दरीत. माझी जनाबाई पोटुशी होती. गुंड घेऊन चढताना पाय घसरला. मांडी मोडली, ती नीट जुळलीच नाई. पोटातलं गेलं. यापेक्षा जास्त मले सांगता येत नाई.

गुरुजी दारात आले. बसले नाई. म्हणे, "किसनभाऊ, चूक माझी आहे. माझ्या गावची अक्कल मी तुमच्या डोंगराले लावली." मी म्हशी घेऊन निघून गेलो. गाव मात्र बोललं. जातीवरबी गेलं. त्याइनं सारं ऐकून घेतलं, पण बदली मागतली नाई.

मंग शाळा सुटली का हा माणूस दरीत जाये. एक दिवस मलेबी घेऊन गेले. म्हणे, "भाऊ, या कड्याकडं पाहा. हा डोंगर एका वेळी नाई झाला. जमिनीच्या भेगातून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. तो हा काळा दगड. मंग लय काळ काहीच नाई. ऊनपावसानं वरचा दगड कुजला, माती झाली. त्यावर पुन्हा रस आला, अन् माती विटेसारखी भाजली. तो पाहा तांबडा पट्टा. असे थरावर थर."

मी म्हणलं, "अन् दरी? आमच्यात तर म्हणतात देवानं लाथ मारली."

"नदीनं कापली भाऊ. पावसाळ्यात गोटे घासत नेते, तळ खरवडते. मऊ थर आधी झिजते. मंग वरच्या काळ्या दगडाले आधार राहत नाई, तो कडाडून पडते. म्हणून कडा असा उभा, पायऱ्यापायऱ्याचा."

मंग त्याइनं बोट दाखवलं. तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वर, भर चैतात, हिरवं गवत. ओळीनं. म्हणे, "पाणी काळ्या दगडाच्या भेगातून उतरते, खालच्या भोकाभोकाच्या दगडात साठते. तांबडी माती त्याले खाली जाऊ देत नाई, म्हणून इथून पाझरते. नदीनं डोंगर कापून पाणी कुठं आहे ते दाखवलं होतं. मीच पाहाले आलो नाई."

कड्यावरून दोर सोडून त्याइनं खोली मोजली. म्हणे, अजून दोन पुरुष, म्हंजे दोन माणसाइच्या उंचीइतकं, खाली.

गाव तयार नोतं. पुन्हा याच माणसाचं ऐकाचं? मलेबी जाऊ वाटत नोतं. खाटेवरून जनाबाई म्हणे, "मी तर आता दरीत उतरत नाई. बाकीच्या बाया उतरूनच राहिल्या ना? जा तुमी." मी लोखंडाची सब्बल घेऊन विहिरीत उतरलो. मंग बाकीचे आले. काळा दगड सुरुंग लावून फोडला. खाली भोकाचा दगड लागला, अन् पाणी आलं. गोड पाणी.

पोरं हो, गुरुजी अमरावतीले आल्यावर तुमाले दरसाल त्या कड्यापाशी सहलीले आणत. थर दाखवत, नदी दाखवत. अन् शेवटी सांगत, "मी इथं चुकलो होतो, त्यात एका बाईचा पाय गेला, लेकरू गेलं." तुमाले आठवत असन. मी एकदा म्हणलं, "गुरुजी, पुरे ना आता." म्हणे, "नाई भाऊ. ही पोरं उद्या ओव्हरसियर होतील, इंजिनेर होतील. आपल्या गावची अक्कल घेऊन दुसऱ्याच्या गावात जातील."

माफ केलं का, असं कोणी विचारलं तर मले सांगता येणार नाई. पण मले त्याइची लय आठवण येऊन राहिली. असा माणूस मी दुसरा पाहिला नाई.

आता आपण सारे उभे राहू अन् गुरुजीसाठी घडीभर गप्प राहू. पण थोडं थांबा. गुरुजी जिचं नाव तुमाले सांगत नोते, ती बाई तथी मागं भिंतीपाशी बसली आहे. मले डोंगरावरून इथी तीच घेऊन आली. तिले उभं राहाले वेळ लागते. कोणी हात देऊ नोका, तिले आवडत नाई. ती उभी राहू द्या, मंग आपण सुरू करू.