माह्या नावावर किसनराव

—नाही मॅडम, तुमी आपल्याच मोबाईलवर टाका, मले वाटलं माह्या मोबाईलमध्येच काही बिघाड असन, म्हणून तं तुमाले, साइटवाल्या मॅडमले, बुलढाण्याहून बलावलं. टाका. हिंमतराव पडोळ, देऊळघाट. टाकलं? आता पाहा पयलं काय येते. किसनराव नर्सरी, पिंपळगाव राजा. पाह्यलं? नाव माहं, गाव माहं, अन् दुकान उघडते किसनरावाचं. मिरचीचं रोप टाकलं तरी तोच पयला, वांगं टाकलं तरी तोच, ते मी समजू शकतो — म्हणजे समजू शकत नाही, पण सोसतो — पण माह्या बापानं ठेवलेल्या नावावर हा कसा येऊन बसला? गूगलमध्ये त्याच्या वळखीचं कोणी असन काय? असते मॅडम, वळख सगळीकडं चालते.

कोण म्हणजे? साडू आहे माहा. माह्या बायकोच्या लहान बहिणीचा नवरा. लहान बहिणीचा, हे ध्यानात घ्या. सासुरवाडीत मोठा जावई मी. लग्नकार्यात टोपी-दुपट्टा पयले मले, मंग त्याले, अशी रीत आहे — होती म्हणा. मागच्या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या पोराच्या लग्नात माइकवर पयलं नाव पुकारलं, आमचे जावई किसनरावजी, ज्यायची नर्सरी इंटरनेटवर एक नंबर आहे. मंग मी. फेटा बांधणाराही तोवर कटाळला होता, असा ढिला बांधला का जेवताना डोळ्यावर आला. हसा, हसा. माही बायकोही हसली होती. पण मले सांगा, नर्सरी पयले काढली कोणं? मी. ट्रे कसा भरावा, कोकोपीट किती भिजवावं, हे त्याले शिकवलं कोणं? इथं याच शेडनेटमध्ये उभा राहून शिकला तो, अन् आता शेगाव, मेहकर, चिखलीचे गिऱ्हाईक मले सोडून त्याच्याकडं जातात. रोप काही खास नाही त्याचं. उंच दिसते फक्त, मुळी नाही त्याले. — म्हणजे आहे. चांगली आहे. माणूस पाठवून एक ट्रे आणवला होता, उपटून पाह्यला मी. पांढरीशुभ्र मुळी, अशी गच्च. सांगू नका कोठी.

आता माही साइट उघडा. थांबा, येते. जरासक वेळ लागते तिले. येते. वंदना, चहा आण वं, बुलढाण्याच्या मॅडम आल्या — ही माही मिसेस. आली का साइट? अर्धी आली? येईन बाकीची. हे पाहा, मधात मी, कानाले मोबाईल, मागं शेडनेट, अन् चहूबाजूनं शुभेच्छुक. सरपंच, माजी सरपंच, पतसंस्थेचे अध्यक्ष, भजनी मंडळ, माहे तिन्ही चुलतभाऊ. राजकुमार फ्लेक्सवाल्यानं करून देली. माह्या वाढदिवसाचं बॅनर लागलं होतं चौकात, तेच जसंच्या तसं चढव म्हणलं. उघडताबरोबर माणसाले वाटलं पायजे का याच्यामागं लोकं आहेत. काय म्हणता? हा साराच एक फोटो आहे? तं मंग? बॅनर फोटोच असते ना. इतका वजनदार, का वावरातल्या मोबाईलवर उघडतच नाही? अन् गूगलले फोटोतलं धड वाचता येत नाही? लाल अक्षरात लिहिलं ना मॅडम, हे पाहा, हिंमतराव पडोळ, मिरची, वांगे, टोमॅटो, पपई. माहा बाप अंगठाछाप होता, त्यालेही हे दुरून वळखू आलं असतं, अन् त्या गूगलले नाही येत? म्हणजे इतके दिवस मी बोंबलून राह्यलो, अन् त्याच्या हिशोबानं मी तोंडच उघडलं नाही.

हे मुंडके काढाचे म्हणता? कोणाचं काढू, तुमीच सांगा. माजी सरपंचाचं काढलं तं तो म्हणन, गेला आजी सरपंचाच्या पार्टीत. दोघायचं काढलं तं दोघं मिळून माह्या शेडनेटचं पाणी बंद करतीन. चुलतभावाचं काढलं तं वावराच्या धुऱ्यावरून टॅक्टर जाऊ देणार नाही. साइट हळू उघडते ते परवडलं मॅडम, गाव नाराज झालं तं राहाव कोठी? बारीक करून घ्या, एकाले लागून एक बसवा, पण काढू नका.

बरं, ते जाऊ द्या. माहं नाव गूगलले दिसत नाही, हे समजलं. मंग माह्या नावावर किसनराव कसा दिसते? काय? त्याच्या साइटवर माहं नाव लिहिलेलं असन? त्याच्या साइटवर माहं नाव कोण लिहीन? बदनामी केली असन. उघडा, उघडा. मी पाह्यली आहे तशी — रोज पाहतो, खोटं कायले बोलू, चूळ भराच्या आधी पाहतो — पण वरतं त्याचं थोबाड दिसलं का बंद करतो, खाली काही जात नाही. पाहा, बोट लावताबरोबर उघडली. चांगली बनवली पण. एखाद्या मोठ्या कंपनीकडून बनवली असन. मिरचीचं वेगळं पान, वांग्याचं वेगळं, कोणतं रोप कोणत्या महिन्यात लावाचं, किती अंतरावर. हे किसनरावानं नाही लिहिलं. तो सही करताना जीभ बाहेर काढते. वाचा बरं ते. ‘रोपांना संध्याकाळी पाणी देऊ नका, रात्रभर ओली राहिलेली मान सडते.’ हे तं मी म्हणतो. पुढचं वाचा. ‘कोकोपीट मुठीत दाबून पाहा. मूठ ओली व्हावी, पाणी गळू नये.’ मॅडम, हे माहं आहे. हे मी घरात बोलतो, जेवताना बोलतो, ट्रे भरताना बोलतो. वाक्य न् वाक्य माहं आहे, याच्याकडं कसं गेलं? याले काम शिकवलं मी, पण असं शब्दाशब्दानं नाही. चोर आहे हा. मी म्हणत नव्हतो, चोर आहे?

खाली जा. अजून खाली. हे बारीक काय आहे, वाचा तुमी, माहा चष्मा आत राह्यला.

पुन्हा वाचा.

संकेतस्थळ निर्मिती, रेणुका हिंमतराव पडोळ, देऊळघाट.

…पोरगी आहे माही. पुण्याले असते, हेच कॉम्प्युटरचं काम करते. नाही, मले काऊन माहीत असन? ती तिच्या मायसंग बोलते फक्त. वंदना, तुले माहीत होतं? — पाहा, गेली आत. माहीत होतं तिले. साऱ्यायले माहीत असन, मेव्हण्याले, सासऱ्याले, लग्नात माह्यासमोर माइकवर बोलले ना, तिथंही माहीत असन. एक मीच तेवढा फेटा सावरून बसलो होतो.

तिनं मलेच पयले विचारलं होतं मॅडम. बाबा, मी बनवून देते म्हणे. मी म्हणलं, हा धंदा आहे, पोरीबाळीचा खेळ नाही. — तुमी मनावर घेऊ नका, तुमचं वेगळं, तुमी मॅडम आहा. — राजकुमारनंही विचारलं होतं, काका, पोरीचा फोटो टाकू काय बॅनरवर? मी म्हणलं, पोरीचा फोटो चव्हाट्यावर कायले? आता पाहा, भजनी मंडळाचा तबलजी आहे माह्या साइटवर, अन् ती नाही. अन् त्या किसनरावानं गोड बोलून घेतलं असन, बेटा इकडं ये, बेटा चहा घे, त्याले जमते ते. टोपी-दुपट्टा घेतला त्यानं, ते गिळलं मी. गिऱ्हाईक घेतले, तेही गिळलं. पण हे पोरीचं नाही गिळल्या जात.

ते नाव काढता येईन काय तिथून? तिनंच काढा लागन? अन् काढल्यावर माहं नाव टाकलं तं काय दिसन? — काहीच नाही? बरं, अन् माही साइट नीट केली, नावगाव अक्षरानं लिहिलं, तं? माही पयली येईन. मंग तिचं? खाली. किती खाली? दुसऱ्या पानावर? दुसऱ्या पानावर जाते काय कोणी?

राहू द्या मॅडम. नाही, काहीच करू नका. फोटो बारीक करू नका, अक्षर लिहू नका, जशी आहे तशी राहू द्या. काऊन म्हणजे? आता माहं नाव टाकलं तं पोरीच्या नावासंग येते ते. तिनं लिहिलं म्हणून येते. तुमी माही साइट वर आणान, तं तिचं ते खाली जाईन, अन् मले ते नाही पायजे. किसनराव वर राह्यला तं राहू द्या. — तुमच्या येण्या-जाण्याचं घ्या अन् निघा, फाट्यावर बुलढाण्याची गाडी लागली असन. चहा राहू द्या तसाच. जा तुमी.